नारळ कुणाला द्यायचा?

लेखमाला : माइकसमोर (लेखांक सहावा)

ऑगस्ट २००६. कोलंबोच्या पी. सारा ओव्हलवर श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली दुसरी कसोटी रंगात आली होती. कुमार संगकाराचा झेल हाशिम अमलाने टिपला आणि समालोचन कक्षातून एक वाक्य निसटलं : ‘दहशतवाद्याला आणखी एक विकेट मिळाली.’ बोलणारा होता डीन जोन्स. १९८६ साली मद्रासच्या उकाड्यात ओकाऱ्या काढत २१० धावा करणारा आणि बरोबरीत सुटलेली ती कसोटी लोकांच्या कायम लक्षात राहील अशी करणारा ऑस्ट्रेलियन फलंदाज. नोकरी टेन स्पोर्ट्स या क्रीडावाहिनीची. ब्रेक लागला आहे, जाहिराती सुरू झाल्या आहेत, अशी त्याची समजूत होती.

ही समजूत कशी फसते ते सांगायला हवं. परदेशातल्या सामन्याचं चित्र आणि आवाज एका ठिकाणाहून निघतात. वेगवेगळ्या देशांतल्या वाहिन्या ते घेतात आणि षटक संपलं किंवा गडी बाद झाला की आपापल्या जाहिराती मध्ये घालतात. समालोचकाच्या कानात ‘ब्रेक’ असं सांगितलं जातं ते त्याच्या वाहिनीपुरतं. भारतात साबणाची जाहिरात चालू असते तेव्हा दुसऱ्या एखाद्या देशात तोच माइक सुरू असू शकतो. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत तो सुरू होता. म्हणजे ज्याच्याबद्दल हे बोललं गेलं त्याच्याच देशात, त्याच्याच माणसांनी ते ऐकलं. टेन स्पोर्ट्सने जोन्सला तडकाफडकी नारळ दिला आणि मालिका अर्धवट टाकून तो मायदेशी परतला.

गेल्या आठवड्यात आपण परवाने, फ्रिक्वेन्सी आणि सरकारचा अंकुश अशा वाहिनीच्या बाहेरच्या गोष्टी पाहिल्या. आज वाहिनीच्या आत जाऊ. मुसलमानांबद्दल एखादा समालोचक, भाष्यकार किंवा निवेदक वादग्रस्त बोलला तर त्याला काढावं का? चर्चेत या प्रश्नाची उत्तरं दोनच मिळतात. ‘लगेच काढा’ किंवा ‘बोलण्याचं स्वातंत्र्य आहे की नाही?’ मला दोन्ही आळशी वाटतात. वाक्य किती वाईट होतं यावर सगळे भांडतात. बोलणाऱ्याला कोणत्या कामाचे पैसे मिळत होते आणि त्या वाक्यानंतर तो ते काम करू शकतो का, हे क्वचितच कुणी विचारतं.

जोन्सचं काम काय होतं? मैदानावरच्या बावीस जणांचा खेळ कुणाचंही नाव, धर्म, दाढी न बघता सांगायचा. अमला डर्बनचा, घराणं मूळचं गुजरातेतल्या सुरतेकडचं. दाढी राखणारा, संघाच्या पुरस्कर्त्या बिअर कंपनीचं चिन्ह अंगावर न घालणारा, आणि बोलायला विलक्षण मवाळ. दहशतवादाशी त्याचा संबंध जोडायला त्या दाढीखेरीज दुसरं काहीच नव्हतं. विकेट पडल्यावर ज्याच्या तोंडी हा शब्द आपसूक येतो त्याच्या आवाजावर अमलाच्या घरच्यांनी पुढचा सामना कसा ऐकायचा? बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला रेडिओ लावून ऐकणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही. चेंडू दिसत नसायचा, सगळा भरवसा आवाजावर.

‘खासगीत बोलला होता’ हा बचाव मला पटत नाही. माइक नेहमी चालूच आहे असं धरून बोलावं, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. जोन्सनेही तो बचाव फार ताणला नाही. मूर्खपणाचं आणि असंवेदनशील बोललो, असं सांगून त्याने माफी मागितली. अमलाने ती स्वीकारली. टेन स्पोर्ट्सचे मालक तेव्हा शारजात क्रिकेट आणणारे अब्दुल रहमान बुखातिर होते. त्यामुळे ‘मालक मुसलमान म्हणून इतकी घाई’ अशी कुजबुज होणं स्वाभाविकच. पण मालक कुणीही असता तरी निर्णय बरोबर होता, असं माझं मत आहे. शिवाय शिक्षा जन्मठेपेची नव्हती. जोन्स पुढे पुन्हा पडद्यावर आला, भारतीय वाहिन्यांवर ‘प्रोफेसर डीनो’ म्हणून लोकप्रिय झाला. २०१६ साली पाकिस्तान सुपर लीगचं पहिलं विजेतेपद मिळवणाऱ्या इस्लामाबाद युनायटेडचा प्रशिक्षक तोच होता. काही काळ अफगाणिस्तानच्या संघालाही त्याने शिकवलं. २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबईत, आयपीएलच्या समालोचनासाठी आलेला असताना, हॉटेलात हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला तेव्हा लाहोर-कराचीतही लोक हळहळले. (आणि अमला? त्याची नागपूरच्या २०१० सालच्या कसोटीतली नाबाद २५३ धावांची खेळी आपल्याकडे विसरलेलं कुणी असेल असं वाटत नाही.)

हे सोपं प्रकरण झालं. खरा पेच आहे तो अमेरिकेतला, २०१० सालचा.

नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, ही अमेरिकेची बिगरव्यापारी नभोवाणी. ती सरकारी नाही. कंपन्यांचं प्रायोजकत्व, देणग्या आणि सदस्य केंद्रांकडून मिळणारं शुल्क यांवर ती मुख्यतः चालते. त्या केंद्रांना मात्र सरकारी अनुदान मिळत आलं. हुआन विल्यम्स हे तिथले ज्येष्ठ वृत्तविश्लेषक. पनामात जन्मलेले, ब्रुकलिनमध्ये वाढलेले कृष्णवर्णीय पत्रकार. वॉशिंग्टन पोस्टमध्ये वीसहून अधिक वर्षं काढलेली. नागरी हक्क चळवळीच्या इतिहासावरचं आणि न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांच्यावरचं त्यांचं पुस्तक गाजलेलं. त्याच वेळी १९९७ पासून फॉक्स न्यूज या उजव्या वाहिनीवरही ते पैसे घेऊन भाष्य करत. एनपीआरच्या श्रोत्यांना हे खुपायचं. फॉक्सवर मिशेल ओबामांबद्दल त्यांनी केलेल्या एका शेरेबाजीनंतर, २००९ साली, ‘फॉक्सवर तुमच्या नावाखाली आमचं नाव नको’ असं एनपीआरने त्यांना सांगूनही ठेवलं होतं.

१८ ऑक्टोबर २०१० ला ते फॉक्सवरच्या बिल ओरायली यांच्या कार्यक्रमात गेले. चारच दिवस आधी ‘द व्ह्यू’ या दुसऱ्या वाहिनीवरच्या कार्यक्रमात ‘९/११ ला मुसलमानांनी आम्हाला मारलं’ असं ओरायली म्हणाले होते आणि व्हूपी गोल्डबर्ग, जॉय बेहार या दोघी निवेदिका सेटवरून उठून गेल्या होत्या. ओरायलींनी तोच विषय विल्यम्सपुढे टाकला. विल्यम्स जे म्हणाले त्याचा मराठीत भाव असा : हे बघ बिल, मी काही धर्मद्वेष्टा नाही, नागरी हक्कांवर मी कसली पुस्तकं लिहिली आहेत ते तुला ठाऊक आहे, पण विमानात मुस्लिम पेहरावातली माणसं दिसली, आपण सर्वांत आधी मुस्लिम आहोत अशी स्वतःची ओळख ती सांगताहेत असं वाटलं, की मला काळजी वाटते, मी अस्वस्थ होतो. पुढे त्यांनी टाइम्स चौकात बॉम्ब ठेवणाऱ्या फैसल शहजादचं कोर्टातलं धमकीवजा बोलणंही जोडलं.

बहुतेकांनी ऐकलं ते एवढंच. पण संभाषण तिथे थांबलं नव्हतं. त्याच बैठकीत विल्यम्स ओरायलींशी वाद घालत होते. ओक्लाहोमात बॉम्बस्फोट करणाऱ्या टिमथी मॅकव्हेचं नाव घेऊन ते म्हणाले, तेव्हा आपण ‘ख्रिश्चनांचा प्रश्न आहे’ असं म्हणालो नव्हतो. मग अतिरेक्यांचं ओझं सगळ्या मुसलमानांवर का टाकायचं? म्हणजे आधी आपली भीती कबूल करायची आणि मग तिच्यावर धोरण उभं करायला नकार द्यायचा. युक्तिवाद ढिसाळ होता, क्रमही चुकला. पण दिशा ओरायलींच्या विरुद्ध होती.

दोन दिवसांत, २० ऑक्टोबरला, वृत्तविभागाच्या प्रमुख एलन वाइस यांनी त्यांना फोन करून करार संपल्याचं सांगितलं. समोरासमोर येऊन बोलण्याची संधीही दिली नाही, असं विल्यम्स यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी अटलांटातल्या पत्रकारांच्या मंडळात बोलताना एनपीआरच्या मुख्याधिकारी व्हिव्हियन शिलर म्हणाल्या की विल्यम्सनी आपल्या भावना स्वतःपाशी आणि आपल्या मानसोपचारतज्ज्ञापाशी किंवा प्रसिद्धी बघणाऱ्या माणसापाशी ठेवायला हव्या होत्या. या वाक्याबद्दल त्यांना लगेच माफी मागावी लागली. एखाद्याला बोलण्यावरून काढायचं आणि काढल्याचं कारण सांगताना आपणच तोंड सोडायचं, यापेक्षा वाईट मुहूर्त साधता आला नसता. त्यात अनेक सदस्य केंद्रांवर तेव्हा वर्गणी गोळा करण्याचा आठवडा चालू होता! फॉक्सने त्याच दिवशी विल्यम्सना तीन वर्षांचा, सुमारे २० लाख डॉलरचा करार दिला.

एनपीआरची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. आपल्या पत्रकाराने आपल्या नभोवाणीवर जे बोलायचं टाळलं असतं ते दुसऱ्या माध्यमातही बोलू नये, असा नियम त्यांच्या आचारसंहितेत लिहिलेला होता. वृत्तविश्लेषक हा मतं मांडणारा स्तंभलेखक नव्हे. त्याने घटनेचा अर्थ सांगावा, आपल्या मनातली भीती नव्हे. विमानात बसलेल्या, हिजाब घातलेल्या एखाद्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तर विल्यम्स यांचं वाक्य टोचतंच. आपल्याकडे पाहून देशातला एक मान्यवर पत्रकार अस्वस्थ होतो, आणि ते तो दूरचित्रवाणीवर सांगतो. त्यांनी ‘कृष्णवर्णीय तरुण रस्त्यात दिसला की मी घाबरतो’ हे वाक्य ऐकून घेतलं असतं का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो रास्त आहे.

पण तोच नियम इतरांना लावला होता का? १९९५ साली एनपीआरच्याच निना टोटेनबर्ग एका दूरचित्रवाणी चर्चेत सेनेटर जेसी हेल्म्स यांच्याबद्दल म्हणाल्या होत्या की दैवाचा न्याय असेल तर त्यांना, नाहीतर त्यांच्या एखाद्या नातवंडाला, रक्तातून एड्स होईल. त्यांनी पुढे खेद व्यक्त केला. नोकरी शाबूत राहिली. २०१० मध्ये हे वाक्य विल्यम्सच्या समर्थकांनी उकरून काढलं आणि एनपीआरकडे त्याला धड उत्तर नव्हतं. नियम कपाटात होता. तो कधी बाहेर काढायचा हे माणूस बघून ठरत होतं. तेरा वर्षं फॉक्सवर जाणाऱ्या माणसाचा राग साठत गेला आणि या वाक्याचं निमित्त झालं, असं मला ते प्रकरण वाचताना सतत वाटत राहतं.

याहून मोठी चूक पत्रकारितेची झाली. ९/११ च्या अपहरणकर्त्यांपैकी कुणीही मुस्लिम पेहरावात विमानात चढलं नव्हतं. चारचौघांसारखे कपडे, दाढ्या काढलेल्या. फैसल शहजाद तर कनेटिकटमध्ये राहणारा, आर्थिक क्षेत्रात नोकरी केलेला माणूस. म्हणजे विल्यम्स ज्यांना बघून घाबरत होते ती चुकीचीच माणसं होती. विश्लेषक म्हणून ही त्यांची सपशेल चूक. आणि ती श्रोत्यांपुढे काढता आली असती. एनपीआरने त्यांना आपल्याच स्टुडिओत बसवून, समोर एखादा मुस्लिम वैमानिक किंवा विमानतळावर रोज वेगळ्या रांगेत काढली जाणारी एखादी प्रवासी बसवून विचारलं असतं, की ही भीती कुठून आली, ती तपासून पाहिली का? तासाभराचा उत्तम कार्यक्रम झाला असता. लाखो अमेरिकनांच्या मनात तीच भीती होती आणि तिला उत्तर द्यायचं काम ज्या संस्थेचं, तिने फोन ठेवून दिला.

परिणाम? बाहेरच्या वकिलांच्या संस्थेकडून चौकशी झाली. जानेवारी २०११ मध्ये वाइस यांनी राजीनामा दिला, शिलर यांचा २०१० सालचा बोनस गेला. मार्चमध्ये, बनावट मुस्लिम संस्थेचे देणगीदार बनून आलेल्या लोकांनी एनपीआरच्या निधी अधिकाऱ्याचं छुपं चित्रण केलं आणि त्या गदारोळात शिलरही गेल्या. लगेच प्रतिनिधिगृहाने एनपीआरला केंद्रीय पैसा द्यायचा नाही, असं विधेयक २२८ विरुद्ध १९२ मतांनी संमत केलं. सेनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. २०२५ च्या जुलैत मात्र अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. यातला प्रत्येक दुवा विल्यम्सपाशी जातो असं म्हणणं बालिश ठरेल, पण ‘एनपीआर डाव्यांचा अड्डा आहे’ असं म्हणणाऱ्यांना त्या फोनने आयतं कोलीत दिलं.

मुद्दा स्वातंत्र्याचा नव्हता, हेही नोंदवून ठेवू. अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, एनपीआरसारख्या खासगी संस्थेला नाही. कुणाला माइक द्यायचा हे ठरवायचा अधिकार संस्थेचा. तो वापरताना शहाणपण दाखवलं की नाही, एवढीच चर्चा.

विल्यम्सच्या शेजारी आणखी दोन माणसं उभी केली तर फरक उघड दिसतो. मायकेल ग्रॅहम हे वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएमएएल केंद्रावर गप्पांचा कार्यक्रम करत. २००५ च्या जुलैत ‘इस्लाम ही दहशतवादी संघटना आहे’ असं ते श्रोत्यांना वारंवार सांगत राहिले. केंद्राने आधी निलंबित केलं, खेद व्यक्त करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, ऑगस्टमध्ये काढलं. इथे भीतीची कबुली नाही. जगभरच्या एका धर्माच्या अनुयायांवर सरसकट आरोप आहे. आणि बोलण्याची संधी देऊन मग निर्णय झाला. दुसरे ब्रिटनचे रॉबर्ट किलरॉय-सिल्क. बीबीसीवर १९८६ पासून रोज सकाळी त्यांचा चर्चेचा कार्यक्रम. समोर सामान्य माणसं बसवायची, त्यांना बोलतं करायचं. जानेवारी २००४ मध्ये ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये त्यांच्या नावाने अरबांना शिव्याशाप देणारा लेख आला, अरबांनी जगाला काय दिलं, असा सूर. मजा म्हणजे तो लेख आधीच्या वर्षी छापून गेलेला होता आणि तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. चुकून पुन्हा पाठवला गेला. बीबीसीने कार्यक्रम थांबवला आणि आठवड्याभरात ते बाहेर पडले.

लेख वर्तमानपत्रातला, मग दूरचित्रवाणीवरचं काम का जावं? कारण त्यांचं काम सूत्रसंचालकाचं होतं. त्या स्टुडिओत उद्या लंडनमधला एखादा अरब दुकानदार आला असता तर त्याने कुणाकडे बघून बोलायचं? स्तंभलेखकाला पक्ष घेता येतो. सभेच्या अध्यक्षाने पक्ष घेतला की त्याने खुर्ची सोडायची. बीबीसी बरोबर होती. किलरॉय-सिल्क यांचं त्यामुळे काही बिघडलंही नाही. सहा महिन्यांत ते युरोपीय संसदेत निवडून गेले!

काढून टाकलेला माणूस गप्प बसेल, हा भ्रम मात्र ठेवू नये. विल्यम्सना दुप्पट मोठा माइक मिळाला, किलरॉय-सिल्कना मतदारसंघ. काढण्याचा उपयोग त्या माणसाला गप्प करण्यासाठी नसतोच. आपल्या घरात काय चालतं आणि काय नाही हे सांगण्यासाठी असतो. आणि तेवढ्यासाठी दरवेळी नारळच लागतो असंही नाही. फॉक्सवर २०१५ च्या जानेवारीत एका ‘तज्ज्ञा’ने ब्रिटनमधलं बर्मिंगहॅम हे संपूर्ण मुस्लिम शहर आहे आणि बिगरमुस्लिम तिथे जातच नाहीत, असं ठोकून दिलं. बर्मिंगहॅमकर पोट धरून हसले, पंतप्रधान कॅमेरॉन यांनी त्या गृहस्थाला चक्क मूर्ख म्हटलं, फॉक्सला पडद्यावर चूक कबूल करावी लागली आणि ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकानेही नियमभंगाचा ठपका ठेवला. २०१९ साली त्याच फॉक्सने प्रतिनिधिगृहाच्या सदस्य इल्हान ओमर यांच्या हिजाबवरून त्यांच्या राज्यघटनेवरच्या निष्ठेची शंका घेणाऱ्या जनीन पिरो यांचा कार्यक्रम दोन आठवडे दाखवला नाही. आणि ओरायली? सगळ्याची सुरुवात ज्यांच्या वाक्याने झाली त्यांची खुर्ची २०१७ मध्ये गेली, ती लैंगिक छळाच्या तक्रारींवरून, जाहिरातदारांनी पाठ फिरवल्यावर. मुसलमानांबद्दल ते जे बोलले त्याची किंमत त्यांना कधी मोजावी लागली नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे गणित उलटं आहे. जोन्स किंवा विल्यम्स यांच्या बाबतीत वाक्य निसटलं होतं. घराचं धोरण वेगळं होतं म्हणून ते डोळ्यांवर आलं. आपल्या कित्येक वृत्तवाहिन्यांवर ते निसटत नाही, ते आखलेलं असतं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे अहमदनगर जिल्ह्यातले गुन्हे रद्द करताना, या लोकांविरुद्ध मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. कोरोनाच्या त्या महिन्यांत आपण सगळ्यांनी त्या पडद्यावरच्या पट्ट्या वाचल्या आहेत. त्या कुणा एका निवेदकाच्या जिभेवरून घसरल्या नव्हत्या.

त्यातून आपल्या चर्चांची रचना अशी की वादग्रस्त बोलणारा बहुधा पाहुणा असतो. मे २०२२ मध्ये टाइम्स नाऊवरच्या चर्चेत भाजपच्या तेव्हाच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा प्रेषितांबद्दल जे बोलल्या त्यावरून आखाती देशांपर्यंत वादळ उठलं. ५ जूनला पक्षाने त्यांना निलंबित केलं. वाहिनीने, मतं सहभागी व्यक्तींची आहेत, असा खुलासा केला. वाहिनीच्या दृष्टीने काढण्यासारखं कुणी नव्हतंच! वाद लावायचा आपण, आगीचा धनी पाहुणा.

मग दाद कुठे? केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. धर्म किंवा जमातींवर हल्ला करणारं, जातीय वृत्ती वाढवणारं काही दाखवू नये, असं तिच्यात लिहिलेलं आहे. वाहिन्यांनी २००८ साली स्वतःची स्वनियमन यंत्रणा उभारली, पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा. आज तिचं नाव एनबीडीएसए. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये. एका मिनिटाच्या जाहिरातीचा हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आकड्यावर हसू येईल. तबलिगी प्रकरणी २०२१ मध्ये न्यूज१८ कन्नडला एक लाख दंड आणि माफी प्रसारित करण्याचा आदेश झाला. २०२४ मध्ये ‘लव्ह जिहाद’सारख्या विषयांवरच्या कार्यक्रमांसाठी टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख, न्यूज१८ इंडियाला पन्नास हजार. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या वार्तांकन प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने या स्वनियमनावर ताशेरे ओढले होते. त्याविरुद्धच्या अपिलात, ऑगस्ट २०२३ मध्ये, सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी विचारलं की पंधरा वर्षांत हा आकडा वाढवावा असं तुम्हाला वाटलं नाही का? शिवाय यंत्रणा ऐच्छिक. २००९ साली २६/११ नंतरच्या एका मुलाखतीवरून दंड झाल्यावर इंडिया टीव्ही सरळ संघटनेतून बाहेर पडली होती, नंतर परतली. आता तर नावडलं तर दुसरी संघटनाही हाताशी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी चिथावणीखोर निवेदकांना पडद्यावरून हटवावं, असं सुचवलं. भावना मान्य, पण माझा त्या उपायावर फारसा विश्वास नाही. अशा वाहिनीने उद्या निवेदक बदलला तर परवा त्याच खुर्चीत, त्याच पट्टीखाली, त्याच पाहुण्यांसमोर दुसरा बसेल, आणि ‘आम्ही कारवाई केली’ असं वाहिनी वर सांगेल. हटवलेला निवेदक यूट्यूबवर दुप्पट श्रोते जमवेल. जोन्सला काढल्यावर समालोचनाचा सूर जागेवर आला, कारण तो सूर मुळात ठीक होता.

म्हणून तक्रार करायची असेल तर ती माणसाविरुद्ध न करता कार्यक्रमाविरुद्ध करावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो; तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. प्रसारणाची तारीख, वेळ आणि चित्रफितीचा दुवा जपून ठेवावा. पडद्याचे फोटो काढून ठेवावेत, कारण बोभाटा झाला की चित्रफीत गायब होते. निवेदकाच्या वाक्यापेक्षा खालच्या पट्टीवर काय लिहिलं होतं, हॅशटॅग काय होता, पाहुणे कोण बोलावले होते आणि कुणाला किती वेळ मिळाला, हे तक्रारीत आधी लिहावं. वाक्य उत्स्फूर्त होतं असं निवेदकाला म्हणता येतं. पट्टी मात्र कार्यक्रमाच्या आधी डेस्कवर तयार होते, ग्राफिक्स विभाग ती रंगवतो आणि कुणीतरी संपादक तिला मंजुरी देतो. त्या संपादकाचं नाव तक्रारीच्या उत्तरात लेखी मागावं.